चौदा तारखेचं जहाज

७ मार्च

बारक्या,

वर 'प्रिय' लिहायची हाताला सवय आहे. आज ती आवरली. सहा फूट दोन इंच उंचीच्या माणसाला बारक्या हे नाव मीच पाडलं होतं, सोळा वर्षांपूर्वी, तू माझ्या मागोमाग पहिल्यांदा जहाजाची दोराची शिडी चढलास आणि वर पोचल्यावर कठडा धरून ओकलास तेव्हा. दिलेलं नाव परत घ्यायची सोय असती तर आज घेतलं असतं.

चौकशी समितीचा अहवाल आला. बंदर कार्यालयाचा शिपाई सकाळी दारात देऊन गेला. सही घेताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. तुझी वहिनी कामावर गेली होती हे एक बरं झालं. मी दारातच उभा राहून परिच्छेद अकरा वाचला. 'दुय्यम पायलट यांच्या निवेदनानुसार वरिष्ठ पायलट यांची डाव्या बाजूची दृष्टी गेल्या काही काळापासून क्षीण झाली असून त्यांनी ही बाब कार्यालयापासून लपवून ठेवली.' चार वेळा वाचला. खाली तुझी सही आहे, आणि तीही चांगली ठसठशीत.

दीड वर्ष आधी निवृत्ती घ्या, प्रकरण मिटवून टाकू, असं साहेब म्हणाले तेव्हा मला वाटलं, बंदराची अब्रू झाकायला माझा बळी देतायत. देऊ देत म्हटलं. कागदावर 'स्वेच्छेने' लिहिलं होतं, मी सही केली. आता कळतंय की अख्ख्या कार्यालयाला माझी कीव येत होती, आणि ती तू वाटत फिरत होतास. निरोपाच्या दिवशी सगळे माझ्याशी एवढं मोठ्यानं का बोलत होते तेही कळलं. आंधळ्याशी लोक तो बहिरा असल्यासारखं बोलतात.

माझे डोळे ठणठणीत आहेत. त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, तू शेजारीच होतास. वारा वायव्येचा होता. मी टगला हाक दिली, ढकलणारी ती बोट नेहमीसारखी रमतगमत आली, आणि धान्याचं ते जहाज धक्क्याच्या कोपऱ्याला घासलं. बारा मीटर पत्रा चिरला. कोणाच्या नखाला धक्का लागला नाही. एकतीस वर्षांत एकदा. एवढ्यावरून तू माझ्या पाठीत सुरा खुपसलास.

एकच विचारतो. तुला हे सुचलं कुठून? मी कोणाजवळ एक अक्षर बोललेलो नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आता कामाचं. तुझ्या वहिनीनं क्रूझ ठरवली आहे. मी नोकरी सोडली म्हणून घरी सांगितलं, कंटाळा आला म्हणालो, तर आठव्या दिवशी ती सहल कंपनीचा कागद घेऊन आली. सात दिवस, आठव्या मजल्यावरची बाल्कनीची खोली, उजव्या बाजूची. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची जहाजं आत आणली, बाहेर काढली, आणि बाहेर काढली की शिडीनं उतरून घरी जेवायला आलो. तिचं एकच म्हणणं असायचं की तुमच्या त्या शेवटच्या तरंगत्या बोयाच्या पुढे काय असतं ते एकदा बघायचंय. तिनं नवी बॅगसुद्धा आणून ठेवली आहे.

जहाज १४ एप्रिलला दुपारी चारला सुटतं. पाळ्यांचा तक्ता मीच बसवलेला आहे, त्यामुळे मी बोटांवर मोजलं. त्या दिवशी दुपारची पाळी तुझी. म्हणजे मला बंदराबाहेर काढणार तू. वर तू उभा, आणि खाली आठव्या मजल्यावर मी पाहुण्यासारखा सरबत पीत बसलेला.

हे होणार नाही. पाळी बदलून घे, नाहीतर मी सहल रद्द करतो. ३१ मार्चपर्यंत रद्द करता येते. वहिनीला कारण काय सांगायचं ते मी बघून घेईन. मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

निवृत्त वरिष्ठ पायलट


१६ मार्च

बारक्या,

'पाळी बदलतो मास्तर. तुम्ही जा मात्र.' एवढाच निरोप. मी चार पानं लिहिली आणि तू एका ओळीत मोकळा झालास. भांडला असतास तर निदान वाटलं असतं की तुला काहीतरी टोचतंय.

वर रविवारी घरी आलास. ओळखीचं खाकरणं ऐकलं आणि मी न्हाणीघरात शिरलो. घोटून केलेली दाढी पुन्हा एकदा केली. साबण डोळ्यात गेला, गाल कापला, पण बाहेर आलो नाही. दाराच्या फटीतून तुझे बूट दिसत होते. माझा कप आणि दुर्बीण द्यायला आलास म्हणे. दुर्बीण पुसून आणली होतीस. मी ती कपाटाच्या वर टाकली आहे, हात पोचणार नाही अशी.

स्वयंपाकघरात तुम्ही दोघं वीस मिनिटं बोलत होतात आणि दार लोटलेलं होतं. कप आणि दुर्बीण द्यायला वीस मिनिटं लागत नाहीत. तिला काय काय सांगितलंस? तू गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, 'गालाला काय झालं?' मी म्हटलं, 'पातं जुनं झालंय.' तिनं दुसऱ्या दिवशी नवी पाती आणून ठेवली. तिला जर तू काही सांगितलं असशील तर बघ.

आता तुला एक गोष्ट लिहितो. ती तुला आधीच माहीत आहे, त्यामुळे लिहिल्यानं माझं काही जात नाही.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना, डावा जास्त. अडीच वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं. समोरचं लख्ख दिसतं, कडा खाऊन टाकतो. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते टिकवायला रोज थेंब घालायचे. ती फाईल मी भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यांच्या पेटीत ठेवली आहे. त्या पेटीला घरात कोणी हात लावत नाही. थेंबांची बाटली दाढीच्या डब्यात असते. बंदराच्या वार्षिक तपासणीत आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे तो एकच अक्षरांचा तक्ता, वीस वर्षांपासून भिंतीवर आहे तोच. मला तो पाठ आहे, खालच्या ओळीपासून उलटासुद्धा म्हणून दाखवीन. कडांची तपासणी तो करतच नाही.

तर हे असं. मला वाटलं होतं दीड वर्ष काढीन. मान जरा जास्त फिरवायची, एवढंच. मी काय त्या वाटेवर पहिल्यांदा आलो होतो? डोळे बांधून त्या बंदरात जहाज आणलं असतं.

पण तुला कोणी सांगितलं? मी परवा त्या डॉक्टरकडे जाऊन थडकलो. बाहेर चार पेशंट बसलेले असताना आत घुसून तोंडाला येईल ते बोललो. त्या बिचाऱ्यानं शांतपणे रजिस्टर काढून दाखवलं आणि म्हणाला, 'बंदरातलं कोणीही आजवर माझ्याकडे आलेलं नाही. आणि तुम्ही स्वतः सात महिने आलेले नाहीत.' मग मला बळंच बसवून डोळे तपासले. काय निघालं ते लिहीत नाही.

डॉक्टर नाही, मी नाही. मग उरलं कोण? तू माझ्या पेटीत हात घातलास का? आमच्या घरी येऊन, आमचा चहा पिऊन?

पाळी बदलल्याचं कार्यालयाकडून लेखी पाठव. तुझ्या शब्दाचं मी काय करू?


२५ मार्च

बारक्या,

हे पत्र तुझ्याकडे येताना तुझ्या वहिनीच्या हाताखालून जाणार आहे. जाऊ दे. आधीची दोन्हीही गेली होती, आणि हा अक्कलशून्य माणूस समजत होता की आपण फार गुपचूप पत्रव्यवहार करतोय. गावात टपाल कचेरी एक, तिथं शिक्के मारणारी बाई एक, ती माझी बायको. तिच्यापासून लपवायची गोष्ट मी टपालानं पाठवली. हसून घे.

काल दुपारी मी सहल रद्द करायला फोन केला. तुझं लेखी काही आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी केला असता बहुतेक. फोनवर एक मुलगी होती, गोड बोलणारी. म्हणाली, 'कारण काय लिहू सर? आजारपण, घरात कोणी वारलंय, की इतर?' मी म्हटलं, 'विश्वासघात.' ती म्हणाली, 'मग मी इतर लिहिते.'

तेवढ्यात वहिनी आली. शनिवारी ती अर्धा दिवस असते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तिनं फोन ऐकला, आत गेली, चहा केला आणि कप माझ्यासमोर आणून ठेवला. माझ्या उजव्या हाताशी.

बारक्या, मी त्या कपाकडे बघत बसलो. मी डावखुरा आहे हे तुला माहीत आहे. लग्नानंतर तीस वर्षं माझा कप डावीकडे असायचा. तो उजवीकडे कधी गेला? मला आठवेना. मग एकेक आठवायला लागलं. जेवताना पाण्याचा पेला उजवीकडे. बैठकीतली माझी खुर्ची भिंतीला लावलेली, डावी बाजू भिंतीकडे, म्हणजे तिकडून कोणी येणारच नाही. रस्त्यानं चालताना ती पूर्वी उजवीकडून चालायची, आता कायम डावीकडून. मी समजत होतो की आपल्याला छान सवय झाली आहे, हल्ली कुठं धडकत नाही.

मी विचारलं, 'कधीपासून?'

'तुम्ही दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागलात तेव्हापासून,' ती म्हणाली. 'दोन वर्षं झाली.'

'आणि बारक्याला?'

'मीच सांगितलं, ते जहाज घासलं त्याच्या चार महिने आधी. दिवाणखान्यात नाही, टपाल कचेरीत. तो पाकीट टाकायला आला होता. मी त्याला खिडकीच्या आत बोलावलं.'

फोनमधली मुलगी हॅलो हॅलो करत होती. मी फोन ठेवून दिला.

तू यातलं पुष्कळ जाणतोस, तरी माझ्या बाजूनं ऐक. मी म्हटलं, 'मला का नाही विचारलंस? नवरा आहे मी तुझा.' ती म्हणाली, 'तुम्ही मला का नाही सांगितलंत?' मी म्हटलं, 'तू घाबरली असतीस.' ती म्हणाली, 'मग काय मी घाबरले नव्हते? रोज पहाटे तुम्ही बूट घालायचात तेव्हा मी काय करत होते असं वाटतं तुम्हाला?' मग आवाज चढला. तिचा, माझा नाही. 'तुम्हाला बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, शिक्के मारणाऱ्या बाईला बंदरातलं काय कळतंय. म्हणाला असतात की नाही? शिडीवरून पडला असतात तर तो निरोप घेऊन माझ्या दारात कोण आलं असतं? बारक्याच ना? मग त्याला आधी सांगितलं तर काय चुकलं?'

मला सुचलं ते फार वाईट होतं, आणि ते मी बोललोसुद्धा. ते इथं लिहीत नाही. ती उठून गॅलरीत गेली आणि कपडे वाळले नव्हते तरी काढायला लागली.

म्हणजे चार महिने तुम्हा दोघांना माहीत होतं. चार महिने तू साहेबांच्या पाया पडून माझ्या प्रत्येक जहाजावर दुय्यम म्हणून नाव लावून घेत होतास, आणि मला वाटत होतं, पोराला माझ्याकडून अजून शिकायचंय. मी कौतुकानं घरी सांगायचो, आणि ती ऐकून घ्यायची, चेहऱ्यावर काही न दाखवता! कायम माझ्या डावीकडे उभा राहायचास. टग लावून जहाज धक्क्यापासून ओढून काढतात तसं तुम्ही दोघांनी मला काढलंत. एक पुढून, एक मागून. आणि जहाजाला वाटत होतं आपण स्वतःच चाललोय.

तुझ्यावर रागावलो होतो ते सोपं होतं. तू परका. तुझं तोंड बघितलं नाही की झालं. हिचं तोंड मी कुठं चुकवू? हिच्याच हातचा चहा, आणि त्याच खोलीत सात दिवस, पाण्यानं चारी बाजूंनी वेढलेलं. तिच्या बहिणीला, शेजारणीला, कचेरीतल्या बायकांना, कोणाकोणाला माहीत होतं कोण जाणे. मी एकटाच होतो ज्याला वाटत होतं की कोणालाच माहीत नाही.

आणि एक सांगते, म्हणाली. माझ्या पहिल्या पत्राचं पाकीट तिच्या हातात आलं तेव्हा तिनं फोडलं नाही, शिक्का मारून पुढं पाठवलं. 'पत्ता सगळा उजवीकडे गेला होता,' ती म्हणाली. 'तिकिटाला जागाच ठेवली नव्हतीत. मागच्या बाजूला चिकटवलेलं तिकीट मीच काढून पुढं लावलं.'


३१ मार्च

बारक्या,

सहा दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे 'गॅस संपलाय', 'बघतो', एवढं बोललो. मी पुढच्या खोलीत झोपतो.

काल तिनं जेवताना जाहीर केलं, 'मी जाणार आहे. तुम्ही या किंवा येऊ नका. रजा मांडली आहे.' मी म्हटलं, 'एकटी?' ती म्हणाली, 'आत्तापर्यंत कुठं दुकटी होते?' आणि ताट उचलून आत गेली. खोलीत तिचे नवे बूट दिसले, रबरी तळव्याचे. आतून कागदाचा बोळासुद्धा काढलेला नव्हता. माझ्यासाठीही एक जोड होता. तो खोक्यात होता, पण खोक्याचं झाकण उघडं होतं.

आज शेवटची तारीख. सहल कंपनीची कचेरी सहाला बंद होते. मी चारपासून फोनसमोर बसलो होतो. नंबर पाठ झालाय. या सहा दिवसांत मी मनाशी पुष्कळ भाषणं केली, तुला आणि तिला, आणि सगळ्यांत मीच जिंकलो. तरी आज चारला बसलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट येत राहिली, आणि ती तुझ्या निवेदनात नाही. मी अहवाल पुन्हा काढला, दिवसाउजेडी, खिडकीशी बसून, मान फिरवून फिरवून शेवटपर्यंत वाचला. खरंच नाही.

त्या दिवशी टग उशिरा आला नव्हता. मी हाक उशिरा दिली. कारण कोपरा मला दिसलाच नाही. पण तो तुला दिसला होता. तू म्हणालास, 'मास्तर, डावीकडे.' मग पुन्हा म्हणालास, मोठ्यानं, त्या जहाजाच्या कप्तानासमोर, 'मास्तर, डावीकडे कोपरा!' आणि मी तुला म्हणालो, 'गप्प बस.' नुसतं म्हणालो नाही, ओरडलो. नंतरची बारा सेकंदं मला रोज ऐकू येतात.

हे तू लिहिलं असतंस तर निवृत्ती नाही, बडतर्फी होती. परवाना गेला असता, पेन्शनही गेली असती. तू डोळ्यांचं लिहिलंस आणि हे गिळलंस. कप्तानालाही तूच गप्प केलं असणार. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बारक्या. पहिलं पत्र लिहिताना माहीत होतं. टगवाल्याच्या नावानं बोटं मोडताना माहीत होतं. त्या बिचाऱ्याची मी पत्रातून का होईना माफी मागतो, त्याला दाखवू नकोस.

याचा अर्थ मी तुम्हाला माफ केलं असा घेऊ नकोस. खरं बोललात म्हणून काही दुखायचं थांबत नाही. माझ्यासमोर बोलला असतात तर मी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं, आरडाओरडा केला असता, पण ते माझ्यासमोर झालं असतं. तुम्ही माझ्या नजरेआड ठरवलंत. नजरेआड ठरवणं माझ्या बाबतीत आता फार सोपं झालंय, म्हणूनच ते करायचं नव्हतं.

सहा वाजून गेले. मी फोन केला नाही. जातो असंही तिला म्हणालेलो नाही. फक्त खोक्याचं झाकण लावून ठेवलं. ती येऊन बघेल आणि काय घ्यायचा तो अर्थ घेईल.

पाळी बदलू नकोस. बदलली असलीस तर परत घे. तू त्या कोपऱ्यावरून जहाज कसं काढतोस ते मला बघायचंय. बघायचंय म्हणजे जेवढं दिसेल तेवढं.


१४ एप्रिल, जहाजावरून

बारक्या,

पूर्वी एक रीत होती, माझ्या मास्तरांनी मला सांगितलेली. जहाज बंदराबाहेर पडलं की प्रवासी आपली शेवटची पत्रं पायलटच्या हाती खाली द्यायचे, आणि तो ती जमिनीवर नेऊन टपालात टाकायचा. मला वाटलं, आपणही तसं करू. तुझं पत्र तुझ्याच हाती. तिनं लगेच मोडता घातला, 'तिकीट लावल्याशिवाय काही जायचं नाही.' तसंही ते जमलं नाही. जहाज केवढं आहे ते तुला माहीत आहे. मी जिन्यापर्यंत पोचलो तर तू शिडीकडे निघालास असं खलाशी म्हणाला.

आम्ही बोलतो आता. खूप नाही. बूट लागतात का, तुमची गोळी घेतलीत का, असं. खोलीत पलंग एकच आहे, मी त्याच्या डावीकडच्या कडेला झोपायचं म्हटलं तर ती म्हणाली, 'तिकडे टेबलाचा कोपरा आहे, तुम्ही इकडे.' मला पुन्हा राग आला. ती उठसूट मला सांभाळते आणि दर वेळी मला तो टपाल कचेरीतला दिवस आठवतो, तुम्ही दोघं खिडकीच्या आत, माझ्याबद्दल हळू आवाजात बोलताय. हे जायला वेळ लागेल. कदाचित जाणार नाही. तिला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, 'नका जाऊ देऊ. पण थेंब घालत जा.' आणि सकाळ-संध्याकाळ बाटली घेऊन समोर उभी राहते.

तुझं काम सांगतो. सुटताना एकसुद्धा धक्का जाणवला नाही. शेजारच्या बाल्कनीतल्या माणसाला जहाज सुटलंय हेच कळलं नव्हतं. तू टगला कधी हाक दिलीस ते मी इंजिनाच्या आवाजावरून ओळखलं. मी देतो त्याच्या अर्धा मिनिट आधी. धक्क्याच्या कोपऱ्याशी तू हवं त्यापेक्षा जास्त अंतर ठेवलंस. पूर्वी मी तुला त्यावरून बोललो असतो, भित्रा म्हणून. आज मी कठडा धरून उभा होतो आणि कोपरा गेल्यावर हात सोडला.

मग शेवटचा बोया आला. शिडी उजव्या बाजूला सोडली होती, आमच्याच बाजूला. जिन्यापर्यंत जाऊन पत्र घेऊन परत आलो आणि बाल्कनीत तिच्याशेजारी उभा राहिलो. ती अर्थात डावीकडे. खाली बघितलं तर शिडीचा एक तुकडा दिसत होता, बाकीचं पाणी. पायलट बोट कुठं होती ते मला लागलं नाही. एकतीस वर्षं मी त्या बोटीत उतरलो, आणि ती मला सापडेना.

मी विचारलं, 'कुठवर आला?'

'अर्ध्यात. मोठी लाट आहे. थांबलाय.'

'लाट वर आली की पाय टाकायचा. खाली जाताना नाही.'

'माहीत असेल त्याला.'

'आता?'

'चार पायऱ्या. तीन. उतरला.'

आणि बारक्या, मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की ती एकतीस वर्षं रोज घरी बसून हेच मोजत होती, न बघता.

'बसला नीट?' मी विचारलं.

'उभाच आहे. वर बघतोय. तुम्हाला हात करतोय.'

मी हात हलवला. नुसत्या पाण्याकडे बघून, सगळ्या प्रवाशांसमोर, वेड्यासारखा. दुखायला लागला तरी हलवत राहिलो. मधे विचारलं, 'अजून करतोय?' ती म्हणाली, 'हो. अजून करतोय.'

आपली पायलट बोट किती झटकन वळते ते मला ठाऊक आहे. शिडी सुटली की तोंड बंदराकडे, आणि वेग घेतला की आत बसावंच लागतं, उभ्यानं कोणाला मागं बघता येत नाही. एवढा वेळ तर नाहीच.

म्हणून हे पत्र पहिल्या बंदरावरून पाठवतो आहे. पाकिटावरचा पत्ता तिला घालायला सांगितला, सरळ यावा म्हणून, पण पाकीट मी स्वतः चिकटवलं. तिला न विचारता तुला एवढंच विचारायचं आहे. तू खरंच हात केला होतास का?

केला नसशील तर उत्तर पाठवू नकोस.

मास्तर